जड धातूंचं व्याख्यान

मी नागपुरात बसून दक्षिण ध्रुवाजवळच्या माशांची अंडाशयं तपासते. हे वाक्य कुठेही उच्चारलं की समोरचा माणूस आधी खिडकीबाहेर बघतो. बाहेर मे महिना असतो, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं, कूलरच्या पाण्यावरून शेजारणींची जुंपलेली असते, आणि ही बाई सांगते बर्फातल्या माशांचं. "तिकडे जाऊन आल्या का मॅडम?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही, मी गेलेले नाही. मला साधी कुलू-मनालीची थंडी सोसत नाही. जहाजावरून जाणारी दुसरी माणसं मासे पकडतात, त्यांची पोटं फाडतात, हवे ते अवयव औषधाच्या बाटल्यांत बंद करतात, आणि त्या बाटल्या फिरत फिरत आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत येतात. मी त्यातलं अंडाशय मेणात बसवते, त्याचे पातळ काप काढते आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते.

तिथे जे दिसतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. त्या पाण्याच्या काठी कारखाना नाही, वस्ती नाही. तरी आपण इकडे जे जाळतो आणि सोडतो त्यातला पारा, कॅडमियम, शिसं वाऱ्यावर आणि समुद्राच्या प्रवाहांवर बसून तिथवर जातं. या धातूंना आम्ही जड धातू म्हणतो. तिथले मासे सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात आणि बरीच वर्षं जगतात, त्यामुळे अंगात साठवायला त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. मादीच्या यकृतात अंड्याचा बलक तयार होतो आणि रक्तातून अंडाशयात पोहोचतो. मध्ये हे धातू कडमडले की बलक कमी पडतो. अंडं अर्धवट भरतं आणि आतल्या आत जिरून जातं. मासा वरून धडधाकट दिसतो, पोहतो, खातो. फक्त त्याच्यामागे कोणी येत नाही.

हे मी सेमिनारमध्ये फार छान सांगते. लोक हळहळतात आणि मग चहाला जातात.

आमचं गाव सावनेरच्या पुढे, नदीला लागून आहे. तिथे माझी आई, दादा आणि वहिनी राहतात. दादाची संत्र्याची बाग आहे आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. गावात माझी ओळख 'मासोळ्यांची डॉक्टर' अशी आहे, आणि त्यातला 'मासोळ्यांची' हा भाग लोक सोयीने विसरतात. मी गेले की कोणी गुडघा दाखवतो, कोणी म्हशीबद्दल विचारतो. दादाला याचा भारी अभिमान. "आमची बाई बर्फातल्या मासोळ्यांचं पोट पाहून सांगते, पिल्लं होतील का नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. हे तो वहिनीसमोर म्हणायचा, आणि मीही तिथेच बसलेली असायचे, हसत.

कारण दादा-वहिनींना मूल नव्हतं. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली होती. आमच्या घरात कोणी कोणाला टाकून बोलत नाही, पण आईने उसासा टाकायचा आणि वहिनीने चुलीकडे तोंड फिरवायचं, एवढं रोज व्हायचं. गावातल्या बाया ओटी भरताना तिला सगळ्यांच्या शेवटी हाक मारायच्या. वहिनी माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी लहान आहे, पण दादाची बायको म्हणून मी तिला अहोजाहो करते आणि ती मला ताई म्हणते. तिला नागपूरच्या डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. शिकलेली नणंद आणखी कशाला असते?

मी नेलं. रक्त, सोनोग्राफी, नळ्या उघड्या आहेत की नाही ते बघायचं, पुन्हा सोनोग्राफी. शेवटी दुर्बीण घालून पोटाच्या आतलं बघायचं ठरलं. भूल देऊन, बेंबीजवळ चीर पाडून. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "मिस्टरांचा रिपोर्ट?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. दादा खाली रस्त्यावरच्या टपरीवर चहा पीत उभा होता. मी म्हणाले, "आधी यांचं पूर्ण होऊन जाऊ द्या." अगदी सहज म्हणाले. प्राणिशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेली, रोज पोरांना प्रजननसंस्था शिकवणारी बाई मी. तरी खाली जाऊन दादाला ते सांगण्यापेक्षा वहिनीचं पोट उघडणं मला सोपं वाटलं. हे लिहितानाही कान तापतात.

दुर्बिणीत काही सापडलं नाही. सगळं ठीक आहे म्हणाले. आम्ही पेढे घेऊन गावी परतलो, जसं काही ठीक असणं म्हणजेच मूल.

यंदाच्या हिवाळ्यात दादाने टूम काढली की बाईचं गावात व्याख्यान ठेवायचं. समाजमंदिरात माइक लागला, ग्रामपंचायतीच्या भोंग्याला तार जोडली. विषय मीच लिहून पाठवला होता : 'जड धातूंचा ध्रुवीय माशांच्या प्रजननावर होणारा परिणाम'. ग्रामपंचायतीच्या शिपायाला हे लांबलचक वाटलं असणार. त्याने भोंग्यावरून पुकारलं ते असं : "आज संध्याकाळी समाजमंदिरात नागपूरच्या डॉक्टर मॅडम, जड धातू आणि प्रजनन या विषयावर मार्गदर्शन करणार हायेत हो!"

मासे गळाले. ध्रुव गळाला. राहिला धातू.

नागपुरातून बाहेर जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याने एसटीतून प्रवास केलेल्या माणसाने भिंती वाचलेल्या असतात. पिवळ्या भिंतीवर लाल अक्षरात कोण्या वैद्याची जाहिरात असते : धातू जाणे, धातू पातळ होणे, खात्रीशीर इलाज. तिथल्या धातूचा लोखंड-तांब्याशी काही संबंध नसतो. आमच्या भागात पुरुषाच्या बीजाला धातू म्हणतात, आणि तो पातळ झाला असं कळलं की माणूस गुपचूप सावनेरची एसटी पकडतो. आता पातळ हा रोग असेल तर जड म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. गावाला वाटलं, नागपूरची डॉक्टर धातू जड करायचा उपाय सांगायला येते आहे.

समाजमंदिर खच्चून भरलं. सगळे पुरुष. नवी लग्नं झालेले मागे भिंतीला टेकून, म्हातारे पुढे सतरंजीवर. बाई एकही नाही. मला वाटलं, वा, गावात विज्ञानाची काय ही आवड! मी रंगात आले. बर्फाखालचं काळं पाणी सांगितलं, पारदर्शक रक्ताचे मासे सांगितले, पारा कसा तिथवर जातो ते सांगितलं. तिथल्या काही जातींत नर समुद्राच्या तळाशी घरटं राखतो, अंड्यांची राखण करत बसतो, हे सांगितलं तेव्हा मागून कोणीतरी शिट्टी मारली. मग मी कॅडमियमवर आले. जड धातू वाढले की अंडी भरत नाहीत, असं म्हणाले, तशी सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली.

पुढच्या रांगेतले एक काका उठले. पांढरी टोपी, हातात काठी. "बाई, मासोळ्यांचं सारं ठीक हाय. पण तुमी उलटंच सांगून राहिल्या. आमी ऐकलं का जड असलेलं चांगलं. मंग आता जड कराले खावं का पातळ कराले?"

मला समजायला क्षणभर लागलं. मग समजलं, आणि मी माइकसमोर खळखळून हसले. "अहो काका, धातू म्हणजे तो धातू नाही! लोखंड, तांबं, पारा, तो धातू!" मग जो हशा उसळला तो पार नदीपर्यंत गेला असेल. एका मिनिटात अर्धी सतरंजी रिकामी झाली. जाता जाता एकाने विचारलं, "आमच्या नदीच्या मासोळीत हाय का मॅडम, हा पारा?" मी म्हणाले, "ते तपासावं लागेल." त्याने मान डोलावली आणि तो गेला. दर रविवारी आमच्या घरी याच नदीतली मासोळी शिजते. दक्षिण ध्रुवाजवळच्या माशाच्या यकृतात काय आहे ते मला पाठ आहे, आणि घरच्या ताटातल्या माशात काय आहे ते मी आजवर बघितलं नव्हतं. त्या माणसाने पुन्हा विचारलं नाही म्हणून मला सुटल्यासारखं झालं, याचीही लाज आहेच.

दादा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. हशा सुरू झाला तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, चहा सांगायला गेला असेल.

मी घरी आले ती हसतच. स्वयंपाकघरात आईला आणि वहिनीला सगळा किस्सा ॲक्टिंग करून सांगितला, काकांच्या टोपीसकट. आईने पदर तोंडाला लावला, "अवं चूप, काही लाज हाय का नाही तुले," म्हणाली आणि तिनेही हसून घेतलं. मग ती देवासमोर दिवा लावायला गेली. वहिनी भाकरी थापत होती. ती हसली नव्हती.

"ताई, मी सारं ऐकून राहिली होती," ती हळूच म्हणाली. "भोंग्यावर अंगणात स्वच्छ ऐकू येत होतं. तुमी मादीचंच सांगितलं. अंडं भरत नाही, जिरून जाते. नराचं काय होते?"

"नरावरही परिणाम होतो. बीज कमी होतं, धड पोहत नाही."

"तुमी पाह्यलं?"

"मी नाही. दुसऱ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे नरांच्या बाटल्या वेगळ्या आहेत. त्या अजून उघडल्या नाहीत."

"काहून?"

काहून! मी तिला पहिला टप्पा, दुसरा टप्पा, असं काहीबाही सांगत बसले. खरं म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत कोणालाही कधी हा प्रश्न पडला नव्हता. पिल्लं होत नाहीत म्हटलं की मादी उघडायची, हे इतकं आपोआप झालं होतं. नरांच्या बाटल्या कपाटात खालच्या फळीवर पडून होत्या.

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटवली. "माणसाचं तपासता येते का, ताई?"

"येतं. एकदम सोपं आहे. सुई नाही, भूल नाही, चीर नाही," मी शिकवायच्या सुरात बोलून गेले. सुई, भूल, चीर, हे तिन्ही तिच्या अंगावर झालेलं होतं आणि तिच्या उशाशी बसून मीच तिला म्हणाले होते की घाबरू नका, बारीकशी चीर असते.

ती मात्र तसं काही बोलली नाही. "मंग तुमी सांगता का तुमच्या दादाले? मी बोलली तर घर डोक्यावर घेतील. तुमचा तर विषयच तो हाय."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

सकाळी दादा मला मोटरसायकलवर सावनेरच्या स्टँडला सोडायला निघाला. सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. साठ पोरांच्या वर्गात मी जे शब्द खडूने फळ्यावर लिहिते, त्यातला एकही मला दादासमोर उच्चारता येईना. आमच्या घरात भाऊ आणि बहीण संत्र्याच्या भावावर बोलतात, आईच्या गुडघ्यावर बोलतात. स्टँड आलं. मी बॅग खांद्याला लावली आणि कशीबशी म्हणाले, "दादा, काल राहूनच गेलं. नर माशांचंही तपासावं लागतं. नुसतं मादीचं बघून..."

"मले मालूम हाय," तो म्हणाला.

मला वाटलं, तो माशांबद्दल बोलतो आहे.

"तपासलं मी," तो म्हणाला. मोटरसायकलच्या आरशाकडे बघत, माझ्याकडे नाही. "एकदा मनात आलं, तं नागपुरात एका ठिकाणी देऊन आलो. काहीच नाही म्हणे. एकही नाही."

"कधी?"

"तू तिले भरती केलं ना, त्याच्या आधी."

एसटीतून उतरलेली माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती.

"मंग सांगितलं काहून नाही? तिचं पोट..." मी इतकी हादरले होते की माझ्याही तोंडून गावची भाषा यायला लागली.

"सारं ठरलं होतं बाई. तारीख घेतली होती, तू सुट्टी टाकली होती. कसं सांगू?" मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. लहानपणी आईच्या मारातून मला वाचवणारा दादा, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मला तो बघवेना. "तू नको सांगू तिले. आईच्या कानावर गेलं तर मले गावात तोंड दाखवता येणार नाही. कालचं पाह्यलं ना, कसे हसत होते."

कसे हसत होते. सगळ्यात मोठ्याने तर मीच हसत होते.

दादाला असं कशामुळे झालं ते मला माहीत नाही. नदीमुळे, फवारणीमुळे की जन्मापासूनच, काहीही असू शकतं, आणि न तपासता कशावर बोट ठेवायची माझी तयारी नाही. त्याचा राग यायला हवा होता, तो आलाही, पण टिकला नाही. मला त्याची दया आली. आणि दयेच्या आड मी चांगली लपून बसले. नागपूरला पोहोचेपर्यंत मी स्वतःला पटवून टाकलं होतं की हे नवरा-बायकोतलं आहे, दादानेच सांगितलं पाहिजे, आपण मध्ये पडू नये. फार सभ्य विचार होता तो.

वहिनीचा फोन आला. मला वाटलं, विचारेल. तिने विचारलं नाही; मी दादाला सांगितलं असणार असं धरून ती धीर धरून होती. तिने वेगळंच सांगितलं. आईने कोणाकडून तरी काढा आणला होता, सकाळी उपाशीपोटी घ्यायचा. "घेतला का उलट्या होऊन राहिल्या, ताई. काल तं उभं राहवत नव्हतं. घेऊ का बंद करू?"

मला माहीत होतं की तो काढा तिने जन्मभर घेतला तरी काही होणार नाही. मी म्हणाले, "त्रास होतोय तर थोडा कमी करून बघा. आईला विचारा." आणि फोन ठेवून मी माझ्या मुलीचा शाळेचा डबा भरायला लागले.

त्यानंतर प्रयोगशाळेत मी नरांच्या बाटल्या वर काढल्या, झाकणं पुसली, ओळीने टेबलावर मांडल्या. जसं काही त्या उघडल्या की माझं काम संपणार होतं. मी एक कापही काढला नाही.

मग परत तिचा फोन आला. या वेळी तिचा आवाज मोकळा होता, थोडा अधीर. ओट्यावर भांडी लावल्याचा आवाज येत होता. "ताई, मी ठरवलं. आज मीच विचारतो तुमच्या दादाले. तुमचं भाषण ऐकल्यापासून माही हिंमत झाली. म्हणतो, मासोळ्यांचं तपासतात तं तुमचंही एकदा तपासून घेऊ, त्याच्यात लाजाचं काय? बरोबर हाय ना असं म्हटलं तर?"

ती माझ्यासमोर वाक्याची तालीम करत होती. संध्याकाळी ती ते वाक्य दादासमोर म्हणणार, आणि दादा भिंतीकडे बघत म्हणणार, बघू नंतर. आणि ती परत काढा पिणार. हे मला समोर दिसलं, आणि मग मला गप्प राहता आलं नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. गप्प राहायला जागाच उरली नव्हती, म्हणून बोलले.

मी सांगितलं. आडवळण न घेता. दादाने तपासून घेतलं आहे, त्याच्यात बीज नाही, आणि हे त्याला तुमच्या ऑपरेशनच्या आधीपासून माहीत होतं.

भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा दादाला काही बोलेल, आणि मी तिची समजूत काढेन. त्याची तयारी मी मनात केलेली होती. ती रडली नाही.

"तुमाले कवा कळलं, ताई?"

"तुमच्याकडून निघाले त्या सकाळी. स्टँडवर."

ती मनाशी काहीतरी जुळवत होती.

"मंग मी उलट्यांचं सांगितलं, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो," मी म्हणाले.

मागून आईचा आवाज आला, "कोन हाय वं फोनवर?"

"कोनी नाही," वहिनी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.